‘बॅक टू द फ्यूचर’ घरी आणताना: कोणता संच, किती खर्च, कुठे सावध

मार्टी, डॉक ब्राउन आणि डिलोरियन गाडी पुन्हा भेटायला हवीत, तीही स्वतःच्या कपाटातल्या प्रतीतून, असं ठरवलं असेल तर आधी थोडं थांबा. 1985, 1989 आणि 1990 साली आलेल्या या तीन चित्रपटांच्या इतक्या आवृत्त्या बाजारात आहेत की घाईत चुकीचा डबा हाती लागणं अगदी सोपं. जुन्या एका संचात तर कारखान्यातूनच दोष आलेला आहे, आणि तो आजही जुन्या मालात फिरतो. पैसे एकदाच जावेत यासाठी क्रम असा ठेवा: आधी घरातलं यंत्र तपासा, मग आवृत्ती ठरवा, शेवटी दुकान शोधा.

आधी यंत्र

डिस्क तीन प्रकारच्या: डीव्हीडी, ब्लू-रे आणि 4 के अल्ट्रा एचडी. साध्या ब्लू-रे प्लेअरवर डीव्हीडी चालते, 4 के डिस्क चालत नाही. टीव्ही 4 के असला म्हणून प्लेअर 4 के होत नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या विकत घ्याव्या लागतात.

घरात गेमचं यंत्र असेल तर वेगळा प्लेअर लागेलच असं नाही. प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्या डिस्क ड्राइव्हवाल्या आवृत्त्यांवर 4 के डिस्क चालते. प्लेस्टेशन 4 आणि 4 प्रो यांवर ब्लू-रेपर्यंतच. एक्सबॉक्स सिरीज एसला डिस्क घालायची जागाच नाही. प्लेस्टेशन 5 प्रो ड्राइव्हशिवाय येतो; ड्राइव्ह वेगळी घ्यावी लागते. 2023 मध्ये अमेरिकेत ती 79.99 डॉलरला आली होती. सुटा 4 के प्लेअर घ्यायचा तर सोनीचं यूबीपी-एक्स700 हे सुरुवातीचं मॉडेल अमेरिकेत साधारण 200 ते 250 डॉलरपर्यंत मिळतं. पॅनासॉनिकचं डीपी-यूबी820 त्याच्या दुप्पट किमतीच्या आसपास जातं. सॅमसंगने 2019 मध्येच नवे 4 के प्लेअर आणणं थांबवलं, त्यामुळे त्यांचा ‘नवा’ प्लेअर कोणी देऊ केला तर तो जुना साठा समजा.

एचडीएमआय केबलवर पैसे उधळू नका. 18 गिगाबिटची, ‘प्रीमियम हाय स्पीड’ प्रमाणपत्राची साधी केबल पुरते. सोन्याचा मुलामा, जाड वेणीचं आवरण, हजारो रुपयांची किंमत, यांतल्या कशानेही चित्र सुधारत नाही.

‘डॉल्बी व्हिजन’ या शिक्क्यासाठी जास्त पैसे मोजणार असाल तर टीव्हीचं नाव पाहा. सॅमसंगचे टीव्ही तो प्रकार घेत नाहीत, प्लेस्टेशन 5 देत नाही. डिस्क तरीही चालते, फक्त साध्या एचडीआर 10 मध्ये. आणि टीव्ही 43 इंची, सोफा दहा फुटांवर असेल तर 4 के आणि ब्लू-रे यांतला फरक तुम्हाला क्वचितच जाणवेल. तिथे ब्लू-रे घ्या आणि उरलेल्या पैशांत बरा स्पीकर आणा. ॲलन सिल्व्हेस्ट्रीचं संगीत टीव्हीच्या पाठीमागच्या बारक्या स्पीकरमधून ऐकणं हा त्या संगीतावर अन्याय आहे.

विभागाचा घोळ

इथे सर्वात जास्त लोक फसतात, म्हणून सावकाश वाचा. डीव्हीडीला विभाग असतो: अमेरिका 1, ब्रिटन-युरोप 2, भारत 5. ब्लू-रेला वेगळे विभाग: अमेरिका ए, ब्रिटन बी, भारत सी. 4 के डिस्कला मात्र विभागाचं बंधन नसतं. न्यू जर्सीत घेतलेली पुण्यात चालते, लंडनमधली नाशिकला.

याचा व्यवहारातला अर्थ असा. भारतातून नेलेली डीव्हीडी अमेरिकी प्लेअरवर बहुतेक चालणार नाही, कारण विभागही वेगळा आणि पाल-एनटीएससी ही चित्रपद्धतीही वेगळी. उलट अमेरिकी डीव्हीडी भारतात आणली तर चित्रपद्धतीचा प्रश्न सहसा येत नाही, विभागाचा येतो. युनिव्हर्सलच्या अनेक ब्लू-रे सगळ्या विभागांत चालतात, पण ‘अनेक’ म्हणजे सगळ्या नव्हेत. डब्याच्या मागे पृथ्वीच्या गोलात ए, बी, सी यांपैकी कोणती अक्षरं आहेत ते विक्रेत्याकडून फोटोत मागवा. 4 के संचातही सोबतच्या ब्लू-रे आणि जादा माहितीची डिस्क साध्या ब्लू-रे असतात; त्यांना हा नियम लागू.

पाल डीव्हीडीत आणखी एक गोष्ट होते. सेकंदाला 24 चौकटींचा चित्रपट 25 च्या वेगाने चालतो, म्हणून 116 मिनिटांचा पहिला भाग 111 मिनिटांच्या आसपास संपतो आणि आवाज बदलून घेतलेला नसेल तर तो किंचित चढतो. शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमातली मार्टीची गिटार ज्यांना पाठ आहे त्यांना हे खटकतं. तुम्ही त्यांतले असाल तर पाल डीव्हीडी सोडाच.

कोणती आवृत्ती

2002 ची अमेरिकी डीव्हीडी पेटी जुन्या बाजारात अगदी स्वस्त मिळते, आणि नेमकी तीच तपासून घ्यायची. तिच्या रुंद पडद्याच्या आवृत्तीत दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात काही दृश्यांची चौकट चुकीची बसली होती. चित्र नको तिथे कापलं गेलं. युनिव्हर्सलने नंतर दुरुस्त डिस्क बदलून दिल्या. त्यांवर बारीक अक्षरांत ‘व्ही’ आणि 2 छापलेलं असतं. विक्रेत्याला दुसऱ्या आणि तिसऱ्या डिस्कच्या छापील बाजूचा जवळून फोटो मागा. खूण नसेल तर कितीही स्वस्त असो, नको. त्याच पेटीची ‘फुल स्क्रीन’ आवृत्तीही निघाली होती, जुन्या चौकोनी टीव्हीसाठी. तीही नको, आजच्या टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील.

26 ऑक्टोबर 2010 ची 25 वर्षांची ब्लू-रे पेटी ही कमी खर्चातली चांगली निवड आहे. तिच्यात ‘टेल्स फ्रॉम द फ्यूचर’ हा सहा भागांचा माहितीपट आहे. त्यात एरिक स्टोल्ट्झ मार्टीच्या भूमिकेत असतानाची थोडी दृश्यं दिसतात, मायकल जे. फॉक्सला घेण्याआधी चित्रीकरण त्याच्यासोबत सुरू झालं होतं. मूळ अमेरिकी डब्यात डिस्कची पकड फार घट्ट आहे, काढताना ओरखडे पडतात. जुना संच घेताना चकाकणाऱ्या बाजूचा, उजेड तिरका पाडून काढलेला फोटो मागवाच.

20 ऑक्टोबर 2015 ला 30 वर्षांची आवृत्ती आली. तिच्यात चित्रपट तेच, जादा डिस्क एक. ‘कम्प्लीट ॲडव्हेंचर्स’ नावाच्या मोठ्या पेटीत 1991-92 ची 26 भागांची कार्टून मालिकाही आहे आणि वेष्टण दिवे लागणाऱ्या फ्लक्स कपॅसिटरच्या आकाराचं. मुलांना ती मालिका दाखवायची असेल तरच तिचा जादा खर्च करा. दिवे लागतात का, हे जुनी पेटी घेताना विचारा.

20 ऑक्टोबर 2020 चा 4 के संच इथे सांगितलेल्या आवृत्त्यांत चित्रपटांसाठी सगळ्यात पूर्ण. तिन्ही भाग डॉल्बी ॲटमॉस आवाजासह. जादा डिस्कवर भूमिकांसाठी दिलेल्या चाचण्यांच्या फिती आहेत, त्यांत बेन स्टिलर आणि बिली झेन दिसतात. अमेरिकी संचात बहुधा 4 केसोबत ब्लू-रेही असतात. ‘4 के + ब्लू-रे’ असं स्पष्ट छापलेलं पाहूनच घ्या. आज घरी ब्लू-रे प्लेअर आणि पुढच्या वर्षी 4 के घ्यायचा विचार असेल तर हाच संच आजच घेणं परवडतं.

तारखा पाहिल्यात? या तिन्ही मोठ्या आवृत्त्या ऑक्टोबरात आल्या; दुसऱ्या भागात मार्टीही 21 ऑक्टोबर 2015 या दिवशी पोचतो. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरात पूर्ण किमतीला संच घेऊ नका. ऑक्टोबरात नवी पेटी किंवा सूट येण्याची शक्यता, आणि नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेला अमेरिकेत डिस्कच्या किमती उतरतात.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये किती

अमेरिकेत नवा डीव्हीडी संच साधारण 10 ते 20 डॉलर, ब्लू-रे 15 ते 30, आणि 4 के 35 ते 60 डॉलर. सवलतींनुसार हे वरखाली होतं. छापील किमतीत राज्याचा विक्रीकर धरलेला नसतो; तो बिल करताना लागतो. ब्रिटनमध्ये उलट, दिसणाऱ्या किमतीत 20 टक्के व्हॅट आधीच असतो.

बेस्ट बाय या साखळीने 2024 मध्ये डिस्क विकणं बंद केलं, नेटफ्लिक्सची टपालाने डीव्हीडी देण्याची सेवा 29 सप्टेंबर 2023 ला थांबली, रेडबॉक्सची भाड्याची यंत्रंही 2024 मध्ये गेली. उरली सार्वजनिक ग्रंथालयं. अमेरिकेत राहत असाल तर खरेदीआधी तिथे जा. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, म्हणजे वीजबिल किंवा भाडेकरार, दाखवला की कार्ड मिळतं, आणि डिस्क फुकट घरी नेता येते. उशीर किंवा हरवल्याचा दंड कार्ड घेतानाच विचारून ठेवा. एकदा शांतपणे पाहायचं असेल तर ही सर्वात स्वस्त सोय. ब्रिटनमध्ये एचएमव्हीत नवे संच मिळतात आणि सीईएक्सच्या दुकानांत जुने, हमीसह.

जुना 4 के संच घेत असाल तर आतल्या डिजिटल कोडची किंमत शून्य धरा. तो बहुधा वापरलेला असतो, नाहीतर मुदत संपलेली. ‘कोडसह’ म्हणून पाच-दहा डॉलर जास्त मागितले तर देऊ नका. अमेरिकी कोड भारतातल्या खात्यावर चालत नाही.

भारतात आणायचा तर

सर्वात स्वस्त मार्ग: परदेशातून येणारे नातेवाईक. संच त्यांच्या पत्त्यावर मागवा, सामानात आणू द्या, बिल सोबत ठेवायला सांगा. परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंतच्या वस्तूंवर शुल्क लागत नाही. 2016 च्या सामान नियमांत ही मर्यादा 50,000 रुपये होती. निघण्याआधी सीमाशुल्क विभागाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहून घ्या. ही मर्यादा सामानातल्या सगळ्या वस्तूंची मिळून असते, एकट्या संचाची नव्हे. प्लेअरही मागवत असाल तर त्याच्या मागच्या पट्टीवर 100-240 व्होल्ट लिहिलंय का, ते आधी फोटोत बघा. फक्त 120 असेल तर ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाढेल. शिवाय अमेरिकी प्लेअर ब्लू-रेसाठी विभाग ए आणि डीव्हीडीसाठी 1 लाच बांधलेला असतो. तुमच्या कपाटातल्या भारतीय डीव्हीडी आणि ब्लू-रे त्यावर बहुतेक चालणार नाहीत.

दुसरा मार्ग थेट मागवण्याचा. इथे खर्च थर चढत जातात, म्हणून कागदावर हिशेब मांडा. समजा संच 40 डॉलर, टपाल 20 डॉलर, डॉलरचा भाव समजण्यापुरता 90 रुपये. झाले 5,400. मूळ सीमाशुल्क उदाहरणादाखल 20 टक्के धरलं तर 1,080. आता 6,480 वर, म्हणजे वस्तू, टपाल आणि शुल्क या सगळ्यावर, 18 टक्के जीएसटी धरला तर 1,166. एकूण 7,646 रुपये, आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क अजून बाकी. हे दर बदलतात, अधिभारही असू शकतो. चालू दर मागवण्याच्या दिवशी पाहा. पण लक्षात हे ठेवा की शुल्क टपालखर्चावरही लागतं आणि जीएसटी शुल्कावरही.

‘भेटवस्तू लिहून पाठवा, ड्यूटी लागत नाही’ हा सल्ला जुना झाला. डिसेंबर 2019 पासून टपालाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटींची ती सूट राखी आणि जीवरक्षक औषधं वगळता काढून घेतली आहे. किंमत कमी लिहायला सांगितलंत तर पार्सल अडकतं, आणि हरवलं तर भरपाईही त्याच कमी रकमेची मिळते.

कुरिअरने आलं तर तुमच्याकडून केवायसी मागतील: आधार, पॅन किंवा पासपोर्ट, आणि खरेदीचं बिल. हे कागद मागवतानाच स्कॅन करून ठेवा. उशीर झाला तर गोदामभाडं लागू शकतं. कागद कुरिअरच्या अधिकृत पानावरच चढवा. ‘तुमचं पार्सल अडकलंय, इथे पैसे भरा’ अशा संदेशातल्या दुव्यावर बोट ठेवू नका. ट्रॅकिंग क्रमांक स्वतः टाकून खात्री करा. टपालाने आलेलं सामान मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या विदेश डाक भवनातून तपासून पुढे जातं आणि शुल्क घरी पोस्टमनकडे भरायचं असतं. हा मार्ग संथ, पण हाताळणीचा भार सहसा कमी.

अमेरिकी पत्ता देऊन माल पुढे पाठवणाऱ्या कंपन्या वापरत असाल तर वजनापेक्षा आकाराकडे बघा. त्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5,000 ने भागतात. 30 बाय 25 बाय 20 चा खोका आत हवा भरलेली असली तरी तीन किलोचा धरला जातो. शोभेच्या मोठ्या पेट्या इथेच महाग पडतात. चित्रपटातल्या हॉव्हरबोर्डच्या प्रतिकृतीचा मोह असेल तर आधी टपालखर्च पाहा. साधा डबा तेच चित्रपट देतो.

कार्डाचाही खर्च असतो. परकी चलनावर बँक बहुधा 2 ते 3.5 टक्के लावते, त्यावर 18 टक्के जीएसटी. पैसे भरताना ‘रुपयांत भरा’ असा पर्याय आला तर तो नाकारून डॉलरच निवडा. रुपयांच्या पर्यायात भाव विक्रेता लावतो. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतील तर बँकेच्या ॲपमधून सुरू करा, काम झालं की पुन्हा बंद. काही मोठी संकेतस्थळं आयात शुल्काची अनामत आधीच घेतात. शुल्क कमी लागलं तर फरक परत मिळतो, तो आला का हे महिनाभराने तपासा.

तिसरा मार्ग भारतीय संकेतस्थळांवरचे ‘आयात’ विक्रेते. किंमत कितीतरी पट असू शकते. वरच्या हिशेबाशी ताडून पाहा. फरक थोडा असेल तर हा मार्ग निवांत, कारण परत करण्याची सोय भारतातच. जुन्या बाजारात किंवा रस्त्यावर घेताना डिस्क उलटी करून बघा. छापून बनवलेली खरी डीव्हीडी चंदेरी दिसते. जांभळट-निळसर दिसली तर घरी कॉपी केलेली आहे.

डिस्क नकोच असेल तर

भाड्याने ऑनलाइन पाहायचं तर अमेरिकेत एका भागाला साधारण 4 डॉलर. बहुतेक ठिकाणी सुरू करायला 30 दिवस आणि सुरू केल्यावर 48 तास. तिन्ही भाग मिळून 342 मिनिटं, म्हणजे पावणेसहा तासांना थोडं कमी. तिन्ही एकदम भाड्याने घेऊन ठेवा, पण दुसरा आणि तिसरा भाग पाहायला बसाल तेव्हाच सुरू करा. दुसरा भाग थेट तिसऱ्याच्या उंबरठ्यावर थांबतो, तेव्हा हे दोन सलग दिवशी पाहता येतील असं बघा. वर्गणीच्या सेवांवर हे चित्रपट येत-जात असतात. त्यांच्यासाठी वर्षाची वर्गणी भरू नका.

‘बाय’ बटण दाबून घेतलेला चित्रपट हा परवाना असतो, प्रत नव्हे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून विक्रेत्याला हे स्पष्ट सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. ऑनलाइन प्रत तुमच्या नकळत बदलूही शकते. मे 2020 मध्ये नेटफ्लिक्सवर दुसऱ्या भागाची एका मासिकाचं मुखपृष्ठ कापलेली आवृत्ती दिसत होती; लेखक-निर्माते बॉब गेल यांनी जाहीर आक्षेप घेतला आणि ती बदलली गेली. तुमच्या कपाटातली डिस्क कोणी परस्पर बदलू शकत नाही, आणि या चित्रपटांसाठी मी डिस्कचा आग्रह धरतो तो यासाठीच.

जुन्या कॅसेटी

पहिला भाग 1986 मध्ये अमेरिकेत 79.95 डॉलरच्या व्हीएचएस कॅसेटवर आला. त्या कॅसेटच्या शेवटी ‘पुढे चालू’ अशी पाटी होती, जी चित्रपटगृहात नव्हती आणि 2002 च्या डीव्हीडीपासून पुन्हा गेली. ती पाटी बघायला कॅसेट हवी असेल तर काही डॉलरांत मिळते. जून 2022 मध्ये एक न उघडलेली कॅसेट 75,000 डॉलरला विकली गेली. ती बिफची भूमिका करणाऱ्या टॉम विल्सनच्या संग्रहातली होती. तो आकडा दाखवून कोणी तुमच्याकडून साध्या कॅसेटचे हजारो रुपये मागत असेल तर सरळ नाही म्हणा. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई 2016 मध्ये थांबली, आता दुरुस्तीला सुटे भाग मिळणं कठीण. आपल्याकडच्या दमट हवेत फितीला बुरशी लागते आणि तशी कॅसेट चालवली तर यंत्राचं हेडही खराब होतं. चित्रपटाची कॅसेट डिजिटल करून घेण्यावर पैसे घालवू नका. लग्न-मुंजीच्या कॅसेटींवर घाला.

डबा आल्यावर

उघडताना मोबाइलवर सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या लेबलपासून. त्याच दिवशी प्रत्येक डिस्क घालून सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच-पाच मिनिटं चालवा. डिस्क अडखळण्याचा दोष अनेकदा उशिरा दिसतो, आणि लोक तिथवर पोचेपर्यंत परत करण्याची मुदत संपलेली असते. सील तोडलेल्या डिस्कचे पैसे अनेक दुकानं परत देत नाहीत, बदलून देतात. मागवण्याआधी ही अट वाचा. भारतीय विक्रेत्याने सदोष माल बदलायला नकार दिला तर बिल, व्हिडिओ आणि त्याचं लेखी उत्तर घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोन फुकट आहे, तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.